पायरेट्सवर जीव जडलाय ना, मग ऐक

स्कीन्सच्या नावाची जर्सी घेऊ का, असं विचारलंस. घे बाई, हौसेला मोल नसतं. फक्त पैसे मोजताना एक हिशेब डोक्यात असू दे. पिचर पॉल स्कीन्स २०२४ च्या मे महिन्यात आपल्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाकडून, पायरेट्सकडून, पहिल्यांदा मैदानात उतरला. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू मोकळा. हव्या त्या संघाशी करार करायला त्याला कुणी अडवू शकत नाही. त्याची सहा वर्षं २०२९ च्या हंगामाबरोबर भरतात. आणि तोवर तरी तो इथे राहील, असं पिट्सबर्गात कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. इथल्या जुन्या लोकांची कपाटं उघडून बघ, निघून गेलेल्यांच्या नावांनी भरलेली असतात. आमच्याकडे गेरिट कोलची आहे. तुझे भावोजी ती घालून गॅरेजला रंग देतात.

सप्टेंबरात तुझा फोन आला, आवाज पडलेला, मला वाटलं परीक्षेचं काही बिनसलं. तर म्हणालीस, "ताई, परत हरले गं." तेव्हाच ओळखलं, पोरीला लागण झाली. आई म्हणेल, शिकायला पाठवलं आणि ही कुठे गुंतली! मी तिला काही बोललेले नाही, तूही बोलू नकोस. पण या शहरात हा संघ मी तुझ्या कितीतरी आधीपासून सोसतेय, म्हणून चार गोष्टी आत्ता हिवाळ्यातच कानावर घालते. एप्रिलमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर, सांगून उपयोग नसतो. एप्रिलमध्ये सगळ्यांचंच डोकं फिरलेलं असतं.

त्या मैदानापासून जरा सावध राहा. पीएनसी पार्क २००१ मध्ये उघडलं आणि अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या मैदानांत त्याचं नाव घेतात ते उगाच नाही. कुंपणापलीकडे अ‍ॅलेघेनी नदी, नदीपार डाउनटाउनच्या इमारती, मॅचच्या दिवशी गाड्यांना बंद केलेला तो पिवळा क्लेमेंटे पूल आणि त्यावरून काळ्या-सोनेरी कपड्यांत चालत येणारी माणसं. उतरतं ऊन समोरच्या काचांवर आलं की आपण सहा धावांनी मागे आहोत हे माणूस विसरूनच जातो. तिथेच तर गोम आहे. वर फटाक्यांची रात्र असते, मान डोलावणाऱ्या बाहुल्या फुकट वाटतात, मधल्या वेळात पिरोगींचे भलेमोठे मुखवटे चढवून माणसं शर्यत लावतात. लोक संध्याकाळ मजेत घालवायला येतात, मॅच आपली तोंडी लावायला. त्यांचं काही चुकत नाही. पण संघ कसाही खेळला तरी उन्हाळ्यातल्या शनिवारी गल्ला भरतोच, हे तिकीट काढणाऱ्यापेक्षा तिकीट विकणाऱ्याला जास्त चांगलं कळतं.

तुला म्हातारे भेटतील. बसमध्ये, दवाखान्यात, वाण्याच्या रांगेत. टोपी बघून बोलायला लागतात आणि थेट १९६० वर जातात. त्यांना बोलू दे. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजनी सात मॅचमध्ये मिळून ५५ धावा केल्या, आपण २७, आणि तरी सिरीज आपण जिंकलो. सातव्या मॅचच्या शेवटच्या इनिंगमध्ये बिल मॅझेरॉस्कीने होम रन मारली, १०-९. ते फोर्ब्स फील्ड आता नाही, पण त्याच्या कुंपणाच्या भिंतीचा तुकडा ओकलंडमध्ये उभा आहे, तुझ्या वसतिगृहापासून चालत जाशील इतका जवळ. दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे माणसं खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या मॅचचं जुनं रेडिओ प्रक्षेपण पुन्हा ऐकतात. निकाल माहीत असलेली मॅच ऐकायला रजा काढून येणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. पुढच्या वर्षी आपण जाऊ.

क्लेमेंटेबद्दल मात्र म्हाताऱ्यांवर विसंबू नकोस, स्वतः वाच. रॉबर्टो क्लेमेंटे, प्वेर्तो रिकोचा, २१ नंबर. बरोबर तीन हजार हिट्स त्याच्या नावावर. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचं सामान घेऊन तो निघाला आणि विमान समुद्रात कोसळलं. उजव्या बाजूचं कुंपण २१ फूट उंच आहे ते त्याच्यासाठी. २०२५ च्या एप्रिलमध्ये काय झालं, ठाऊक आहे? त्याच कुंपणावरचं त्याच्या २१ चं चिन्ह काढून तिथे एका पेयाची जाहिरात लावली. त्याच्या मुलाने जाहीर नाराजी सांगितली, शहर खवळलं, क्लबने माफी मागून चिन्ह परत लावलं. त्याच महिन्यात, चाहत्यांनी पैसे भरून मैदानाबाहेर बसवलेल्या नावांच्या विटा उखडून भंगाराच्या आवारात पडलेल्या लोकांना दिसल्या. मला विचारशील तर हरण्यापेक्षा हे जास्त लागतं. बॅट चालत नाही हे कुणाच्याही नशिबी येतं. पण ज्याच्या नावावर तुमची इभ्रत उभी आहे, त्याच्या जागी जाहिरात चिकटवताना एवढ्या मोठ्या कचेरीत एकाचाही हात थबकू नये?

१९९२ चा विषय आमच्या घरी निघत नाही, पण तुला माहीत हवा. अटलांटात, वर्ल्ड सिरीजच्या दारातली सातवी मॅच, शेवटची इनिंग, आपण २-१ ने पुढे, त्यांचे दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. कॅब्रेरा नावाच्या बदली खेळाडूने फटका मारला. एक जण आरामात घरी आला, आणि त्याच्या मागून सिड ब्रीम, पायांनी अधू, आपलाच जुना खेळाडू, धापा टाकत होम प्लेटवर घसरला. बॅरी बाँड्सचा थ्रो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाँड्स त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. आणि त्यानंतर १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० हंगाम आपण जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या मॅच जास्त. उत्तर अमेरिकेच्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुणाची नाही. इथे जन्मलेली मुलं कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी आपला संघ चांगला असतो म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून २०१३ बद्दल कुणी बोलायला लागलं की त्याचे डोळे बघ. १ ऑक्टोबरची रात्र, सिनसिनाटीविरुद्ध एकच मॅच, हरलो तर घरी. सगळं मैदान काळ्या कपड्यांत. दुसऱ्या इनिंगमध्ये एक होम रन झाली आणि लोकांनी समोरच्या पिचरचं नाव चिडवत, लांबवत म्हणायला सुरुवात केली, "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो". जॉनी क्वेटो टेकाडावर उभा होता, हातातला चेंडू सुटला आणि खाली पडला. नुसता पडला गं, काही झालेलं नव्हतं. पण आवाज असा चढला की पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारली तेव्हा शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी मला मिठी मारली. आपण ६-२ ने जिंकलो. पुढच्या दोन वर्षांतही ती एका मॅचची संधी मिळाली आणि दोन्ही वेळा एकही धाव न करता हरलो. २०१५ मध्ये तर ९८ मॅच जिंकून. तेव्हापासून २०२५ संपेपर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही.

आता ते "आपलं शहरच लहान" प्रकरण. हे तुला रोज ऐकू येईल, ऑफिसात, टीव्हीवर, अगदी पेन हिल्सच्या बालाजीच्या देवळात प्रसादाच्या रांगेतसुद्धा. त्यात तथ्य आहे, आधी ते समजून घे. बेसबॉलमध्ये पगाराला वरची मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं की कर भरायचा, एवढंच. ज्याच्या शहरात माणसं जास्त त्याचा स्थानिक टीव्हीचा पैसा जास्त, तिकिटं महाग, जाहिराती महाग. डॉजर्सनी ओतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, मेट्सनी हुआन सोटोशी पंधरा वर्षांचा ७६.५ कोटींचा. पायरेट्सनी दहा कोटींचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो २०२३ मध्ये, ब्रायन रेनल्ड्ससाठी, आठ वर्षांचे मिळून १०.६७५ कोटी. याच शहरात, याच काळ्या-सोनेरी रंगांत फुटबॉलच्या स्टीलर्सनी सहा सुपर बोल जिंकले, आइस हॉकीच्या पेंग्विन्सनी पाच स्टॅनली कप. शहर तेच, माणसं तीच. पण फुटबॉलमध्ये देशभरच्या टीव्हीचा पैसा सगळ्यांना सारखा मिळतो, आणि फुटबॉल काय, आइस हॉकी काय, दोन्हीकडे पगाराला मर्यादा आहे. तेव्हा अडचण खोटी म्हणू नकोस.

पण अडचण पुढे करून हात वर करणाऱ्यांना एकच विचार, "मग मिलवॉकीचं काय?" मिलवॉकीची बाजारपेठ आपल्याहून लहान आहे. त्यांच्या ब्रुअर्सनी २०२५ मध्ये ९७ मॅच जिंकल्या, तिसांच्या तीस संघांत सर्वांत जास्त. त्याच वर्षी आपण ७१ जिंकल्या आणि ९१ हरलो. कॅन्सस सिटीने २०१५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, टँपा बे २०२० मध्ये तिथवर पोचलं. ही काही धनाढ्य शहरं नव्हेत. शिवाय प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के सामाईक खात्यात टाकतो आणि ते सगळ्यांत सारखे वाटले जातात, म्हणजे न्यूयॉर्कचा थोडा पैसा दरवर्षी आपल्याकडे येतो. तो संघावर नीट खर्च होतो का, अशी रीतसर तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार संघांबद्दल केली होती. चारांत आपण होतो. बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत, आणि पगाराच्या यादीत आपण कुठे हे बघायचं तर यादी खालून वाचायला घ्यावी लागते. गरिबी वेगळी आणि आखडता हात वेगळा. तुझा राग कुठल्या दाराशी न्यायचा हे यावरून ठरव.

कारण खरं दुखणं खेळाडू जातात हे नाहीच. लहान संघातून माणसं जायचीच, ब्रुअर्सचीही जातात. पण ते देताना काय घेतात ते बघ आणि आपण काय घेतलं ते बघ. २०१८ च्या जुलैत टँपाकडून क्रिस आर्चर नावाचा पिचर आणला आणि त्याच्यासाठी ग्लासनाऊ, मेडोज आणि बाझ, तीन तरुण पोरं देऊन टाकली. कोहळा देऊन आवळा. आर्चर इथे चाललाच नाही. ग्लासनाऊ आता डॉजर्सकडे आहे. कोलला २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर आपणच घेतलं होतं. तो २०१८ मध्ये ह्यूस्टनला गेला, पुढे यांकीजने त्याला ३२.४ कोटी दिले. २०२५ च्या जुलैत डेव्हिड बेडनार गेला, तोही यांकीजकडेच. तो तर जवळच्याच मार्स गावचा, लहानपणापासून या संघासाठी जीव टाकणारा. आपण कलम लावायचं, पाणी घालायचं, राखण करायची आणि मोहोर धरला की फांदी शेजाऱ्याच्या अंगणात. मॅककचन तेवढा २०२३ मध्ये परत आला. २०१३ चा सर्वोत्तम खेळाडू, वय झालेला, तरी नाव पुकारल्यावर सगळं मैदान उभं राहिलं.

आणि स्कीन्स. २०२५ चे त्याचे आकडे एकदा कागदावर लिहून काढ. नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा दिल्या. साय यंग पुरस्कार एकमताने, एकाही मतदाराने दुसऱ्याचं नाव पहिलं लिहिलं नाही. आणि त्याच्या नावावर जय किती, पराजय किती? दहा आणि दहा. १८ मे ची फिलाडेल्फियातली मॅच मी स्वयंपाक करता करता बघत होते. सगळी आठ इनिंग त्याने एकट्याने टाकली, एक धाव दिली आणि आपण १-० ने हरलो. तो डगआउटमध्ये शांत बसला होता, मीच कढईवर झाकण आपटलं. त्या वर्षी तीस संघांत सर्वांत कमी होम रन आपल्या होत्या. बरं, त्याचा पगार? २०२५ मध्ये मूळ पगार दहा लाख डॉलरही नव्हता, कारण पहिली तीन वर्षं क्लब देईल ते घ्यायचं, असाच नियम आहे. म्हणजे जगातला सर्वोत्तम पिचर जवळजवळ फुकट हाताशी, आणि वाचलेल्या पैशांत एक धड बॅटर आणता येऊ नये? इथे शहर लहान आहे, हे कारण कसं पुरतं ते मला कुणी समजावून सांगावं.

म्हणून "सेल द टीम" म्हणून लोक ओरडतात तेव्हा तुला ओरडावंसं वाटलं तर ओरड. पण बावीस-तेवीस वर्षांचं एखादं पोर चेंडू सोडतं तेव्हा हुर्यो करणाऱ्यांत बसू नकोस. आमच्या मागच्या रांगेतले काही जण करतात. त्या पोराने थोडंच पगाराचं पत्रक बनवलंय? २०२५ च्या मे महिन्यात मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं, डॉन केलीला आणलं, तरी बॅटर तेच राहिले. मॅनेजर बदलणं सर्वांत स्वस्त, म्हणून तेच सर्वांत आधी होतं.

या संघाशी आपलं भारतीयांचं नातं विचारशील, तर तेही आहे बरं का. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू मुलं, एका टीव्ही स्पर्धेतून निवडली गेली आणि त्यांना करार दिला तो याच पायरेट्सनी. त्यांच्यावर 'मिलियन डॉलर आर्म' सिनेमाही आला. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत, पण अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलची मॅच जिंकणारा पहिला भारतीय पिचर रिंकूच. लोक याला हसतात, प्रसिद्धीचा खेळ म्हणतात. मी हसत नाही. जिथे कुणी बघत नाही तिथे बघायचं, लहान संघाने करायचं ते हेच. फक्त तेवढ्यावर थांबायचं नसतं.

जायचं की नाही जायचं, यावरून घराघरांत वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, मालकाला दमडी द्यायची नाही, मैदान ओस पडलं की डोळे उघडतील. मला ते पटतं आणि पटत नाही. २० वर्षं हरताना मैदान ओस पडलेलं लोकांनी पाहिलंय, त्याने डोळे उघडल्याचं काही कुणाच्या स्मरणात नाही. आणि स्कीन्सची पाळी असलेल्या रात्री घरी बसून शिक्षा कुणाला? मी निवडून जाते. बाहुलीच्या रात्री जात नाही, खायचं आत जाऊन विकत घेत नाही. बाकी मॅच रेडिओवर ऐकते. बेसबॉलचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण याच शहरातून झालं होतं, ५ ऑगस्ट १९२१ ला, केडीकेएने, फोर्ब्स फील्डवरून. आमटीला फोडणी देताना ऐकायला हा खेळ अगदी बेतशीर आहे. चेंडूंच्या मधे कांदा चिरून होतो.

एक मात्र लक्षात ठेव. मालक आणि खेळाडूंमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. तेव्हा पगारमर्यादेचा विषय जोरात निघेल, आणि लहान शहरांचं नाव घेऊनच निघेल: बघा, बिचाऱ्या पिट्सबर्गचं कसं होणार! तुझ्यासारख्यांचा कळवळा तिथे भांडवल म्हणून वापरतील. वरची मर्यादा मागणाऱ्याला खालची मर्यादा किती ठेवणार ते आधी विचार. प्रत्येक संघाने किमान इतके खर्च केलेच पाहिजेत, असं त्याच कागदावर लिहिलेलं नसेल, तर डॉजर्स थोडे गरीब होतील आणि आपण आहोत तिथेच राहू, फक्त मालकाची झोप आणखी गाढ होईल.

आणि कॉनर ग्रिफिनबद्दल मला आत्ताच काही विचारू नकोस. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेलं पोर, त्याचे व्हिडिओ तू पाठवतेस, मी बघते, दोनदा बघते. पण त्याच्याबद्दल बोलायला लागले की माझा एप्रिल जानेवारीतच सुरू होतो.

वेळापत्रक आलंय. ब्रुअर्स इथे येतील तेव्हाचा, आठवड्याच्या मधलाच एखादा वार बघ. तिकिटं वरच्या मजल्यावरची, तिसऱ्या बेसच्या बाजूची काढ. स्वस्त पडतात आणि नदी समोर येते. डाउनटाउनपर्यंत बसने ये, तिथून नॉर्थ शोअरला जाणारी टी गाडी फुकट असते. जाड जाकीट आण, एप्रिलमध्ये नदीवरचा वारा हाडांत शिरतो. भावोजींना मी घरी ठेवते, ते तिसऱ्या इनिंगलाच मालकावर सुरू होतात आणि मग आपल्याला मॅच बघू देत नाहीत.